कायम खूण

मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. समोरच्या घरी नवा कूलर आला तरी मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. पण शेजारणीवरचं जळणं वेगळं आणि सख्ख्या जावेवरचं वेगळं. शेजारीण निदान आपलं दार लावून घेते. जाऊ भिंतीपलीकडेच असते, तिच्या फोडणीचा वाससुद्धा आपल्या घरात येतो.

आमचं गाव पवनारच्या पुढे, धामच्या काठानं आत गेलं की लागतं. दोघी जावांची घरं एका भिंतीची. मी थोरली. वर्ध्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, माहेर सिंदी रेल्वेचं, वडिलांचं तिथं बाजारात दुकान. धाकटी सातवी पास. गावात कोणाला बँकेचा फॉर्म भरायचा असला, तहसीलचा अर्ज लिहायचा असला की ते माझ्याकडे येतात. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला ते माहीत आहे. धाकटीकडे बायका येतात त्या नुसत्या बसायला. कामाशिवाय. तिच्या ओसरीवरून हसण्याचे आवाज येत राहतात आणि मी माझ्या ओसरीवर कोणाच्या तरी आधार कार्डावरचा नंबर उतरवत बसलेली असते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे कामाशिवाय कोणी आलेलं मला आठवत नाही.

पिपरी मेघेत एका भाड्याच्या बंगल्यात एका संस्थेचं ऑफिस आहे. ती संस्था गावांना छोट्या कामांसाठी अनुदान देते. पद्धत अशी की काम गावातल्याच लोकांनी सुचवायचं आणि अर्ज करायचा. मग अर्जांची छाननी, मग जागेची पाहणी, मग मंजुरी, मग हप्ते, मधे फोटोसकट अहवाल आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. तो दाखला मी एका दुसऱ्या गावात पाहिला होता. जाड कागद, सोनेरी किनार, खाली काम करणाऱ्या बाईचं नाव. मला तो हवा होता. माझ्या बैठकीत, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी.

मी वाचनालयासाठी अर्ज केला. समाजमंदिराची मागची खोली वर्षानुवर्षं बंद पडून आहे. तिथं कपाट, टेबल, खुर्च्या, पुस्तकं आणि मुलींना बसायला जागा. चार पानं लिहिली. 'सर्वांगीण विकासाच्या दृष्टिकोनातून' हे शब्द मी त्यात तीन वेळा घातले आणि तिन्ही वेळा ते मला शोभून दिसले.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी कोरा फॉर्म घेऊन आली.

"बाई, माया बी एक अर्ज लिवून द्या ना."

"तुले काय पाहिजे वं?"

"ओटा. धुण्याचा. उभ्यानं धुता येईन असा."

मी हसले. तिच्या तोंडावर हसले. "अवं, हे लोकं समाजासाठी काम करते. धुण्याचे ओटे बांधत नाई."

"नाई त नाई. लिवून त पाहू."

मी पेन घेतलं. पहिला रकाना होता, गावाची गरज. मी विचारलं, काय लिहू? ती माझ्या उंबऱ्यावर बसली. बसली म्हणजे एक हात चौकटीला धरून, एक पाय लांब ठेवून हळूहळू खाली आली. तिचा उजवा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता.

"लिवा, आमच्या गावच्या बाया नळावर उकिडव्या बसून धुते. चाळिशीत गुडघे जाते. मंग देवळात गेलं तरी खाली बसता येत नाई, लग्नात पंगतीले बसता येत नाई. कंबरेइतका ओटा झाला त गुडघे वाचन."

"देखभाल कोण करणार?"

"जे धुईन ते झाडीन."

एरवी मी लोकांची वाक्यं सुधारून लिहिते. 'जे धुईन ते झाडीन' याचं मी सहज 'लाभार्थी महिलांच्या सक्रिय सहभागातून नियमित स्वच्छता' केलं असतं. या वेळी मी एक अक्षर सुधारलं नाही. ती बोलली तसंच्या तसं उतरवलं. तो प्रामाणिकपणा नव्हता. असा अर्ज लवकर बाद होईल असं मला वाटलं होतं.

जागेचा फोटो जोडायचा होता. नळाच्या टाकीमागे एक रिकामी जागा आहे, तिथं ती मोबाइल घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. जागा कशी निकामी आहे ते बघायला. ऊन होतं म्हणून हातात काळी छत्री होती. तिनं फोटो असा काढला की एवढी मोठी टाकी बाहेर राहिली आणि मी आत आले. आता फॉर्मवर शेवटचा रकाना होता: 'फोटोत दिसणारी कायम खूण (झाड, खांब, विहीर इ.)'. म्हणजे पुढचे फोटो त्याच जागेचे आहेत हे त्यांना कळावं म्हणून. मला तोवर कंटाळा आला होता. म्हटलं, हे तुझं तू लिही, माझी भाजी करपून राह्यली. ती तिथंच टाकीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहीत बसली. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्ज मीच वर्ध्याच्या बसनं नेऊन दिले. माझा वर ठेवला, तिचा खाली.

छाननीत माझा अर्ज परत आला.

वर शेरा होता, एकाच ओळीचा: 'खोलीचं कुलूप रोज कोण उघडणार, हे अर्जावरून कळत नाही.'

मी चार पानं लिहिली आणि यांना कुलुपाची पडली होती! मी दिवसभर तणतणत होते. संध्याकाळी मात्र कणीक मळता मळता मीच स्वतःला विचारलं, की खरंच कोण उघडणार होतं? मी तर नाही. माझ्या डोळ्यांपुढे उद्घाटन होतं, फीत होती, फोटो होता. रोज चारला जाऊन कुलूप उघडायचं आणि सहाला लावायचं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हा विचार आला तसा मी तो कणकेबरोबर मळून टाकला आणि पुन्हा चिडले. ओट्याला कुलूप लागत नाही म्हणून ओटा पास, हा कुठला न्याय?

कारण ओटा पास झाला होता. निदान पाहणीपर्यंत पोचला होता.

पाहणीला संस्थेच्या एक ताई स्कूटीवर आल्या. तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. आल्या तशा धाकटीच्या ओसरीवर बसल्या. मीही जाऊन बसले, इस्त्रीची साडी नेसून. ताईंनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "या वर्षी आलेल्या अर्जांत आम्हाला सगळ्यात आवडलेला अर्ज हा. सरळ, स्पष्ट, उगाच फाफटपसारा नाही. कोणी लिहिला?"

"आमच्या बाईनं," धाकटी म्हणाली. "त्यायचं अक्षर पाहा ना कसं हाय."

ताईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "छान लिहिता हो तुम्ही. तो दुसरा, वाचनालयाचा अर्ज आला होता तुमच्या गावातून, त्याचंही अक्षर थोडं असंच वाटलं मला."

मी म्हटलं, "असेल." अख्ख्या जन्मात माझ्या लिहिण्याचं कोणी एवढं कौतुक केलं नव्हतं आणि ज्याचं केलं ते माझं नव्हतं. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या ओसरीवर कळलं. चहा पुढे आला, त्यात आलं घातलेलं होतं, चहासुद्धा चांगला झाला होता.

मग ताई एकदम हसायला लागल्या. "पण हे काय? कायम खूण: 'मोठ्या जाऊबाई, छत्रीसकट'?"

मी कागद ओढूनच घेतला. संपूर्ण अर्जात धाकटीच्या अक्षरात एवढीच एक ओळ होती, तिरकी, खाली घसरत गेलेली.

"अवं, कायम खूण म्हंजे झाड नाईतर खांब!" मी म्हटलं.

"मले वाटलं फोटोत जे हाय ते लिवा लागते," ती म्हणाली. "अन् फोटोत तुमीच होत्या. झाड कोणी तोडून नेईन. तुमी कुठं जाता?"

ताई म्हणाल्या, खूण बदलता येते, त्यासाठी वेगळं पत्र द्यावं लागतं, पण फाईल वर कमिटीत जाऊन आलीय आणि तिथं ही ओळ सगळ्यांना फार आवडलीय. "राहू द्या. फक्त काम चालू असताना आणि काम झाल्यावर, दोन्ही फोटोंत या ताई त्याच जागी उभ्या पाहिजेत. छत्रीसकट."

अशी मी खूण झाले.

मंजुरीपत्र आलं, करारावर सह्या झाल्या, पहिला हप्ता आला, काम लागलं. कामाचा एक हिस्सा गावानं अंगमेहनतीनं उचलायचा अशी अट होती. मला वाटलं होतं, इथं धाकटी आपटणार. आमच्या गावात कोण कोणासाठी घमेलं उचलतं? पण बायका आल्या. पदर खोचून, रांग करून, रेती इकडून तिकडे हातोहात. धाकटी मधे उभी, लंगडत लंगडत सगळ्यांना हाका मारत होती. माझ्या घरात फॉर्म घेऊन येणाऱ्या बायका तिथं घाम गाळत होत्या आणि हसत होत्या. आमचे हे संध्याकाळी तिकडून चहा पिऊन आले आणि मला म्हणाले, "काई म्हण, धाकटीनं गाव कामाले लावलं." मी ताट जरा जोरात ठेवलं.

दुसऱ्या फोटोला मी गेले. जावंच लागलं. अर्धवट विटांच्या बाजूला छत्री घेऊन उभी राहिले. ताई म्हणाल्या, जरा हसा. मी म्हटलं, खूण हसत नसते. सगळ्या बायका खो खो हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत केली.

त्यानंतर ओटा दिवसादिवसानं वाढत गेला आणि मी त्याच्याकडे न बघता नळावर जायची. बघायचं नाही ठरवलं तरी दिसायचाच. कंबरेइतका उंच, वर उताराची घासलेली फरशी, पाणी वाहून जायला नाली, नालीच्या शेवटी शोषखड्डा. चांगला होत होता, हेच दुखत होतं. जरा वाकडा झाला असता तर मीच पुढे होऊन मदत केली असती, देवाशपथ.

आता तिसरा फोटो राहिला. तो संस्थेत गेला की शेवटचा हप्ता, त्यातून वरची टिनाची शेड, आणि मग दाखला. फोटोची शेवटची तारीख ठरलेली होती. ताई दोन दिवसांनी येणार म्हणून धाकटीनं सांगितलं आणि मी त्याच दुपारी पिशवी भरली. "सिंदीले जाऊन येतो," मी ह्यांना सांगितलं. "किती दिवस?" "पाहीन." छत्री मी बरोबर घेतली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, ऊनही मऊ होतं. छत्री मी का घेतली ते माझं मला माहीत होतं.

माहेरी पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी वहिनीनं दोनदा विचारलं, सगळं बरं हाय ना? धाकटीचा रोज फोन यायचा. मी तयारीत असायची, आता रडेल, आता विनवेल. ती म्हणायची, "तुमच्या तुळशीले पाणी घातलं बाई. दादांले भाजी दिली. दूधवाल्याले सांगितलं." फोटोचा शब्द नाही. याचाही मला राग आला. विनवलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं.

चौथ्या दिवशी संस्थेच्या ताईंचा फोन आला.

"अहो, तुमच्या जाऊबाई म्हणतात, खूण माहेरी गेलीय." त्या हसत होत्या. "परवा शेवटची तारीख आहे. मी त्यांना म्हटलं, खूण बदलल्याचं पत्र द्या आणि दुसऱ्या कोणालाही उभं करा. शेजारच्या एक बाई तयारही आहेत. पण त्या पत्र देत नाहीत. म्हणतात, आमची खूण येईल. आता तुम्हीच त्यांना सांगा, पत्र देऊन टाका म्हणून."

मी म्हटलं, सांगते.

फोन ठेवला. शेजारच्या एक बाई! ती समोरची, कूलरवाली. ती माझ्या जागेवर उभी राहणार, बहुतेक माझ्यासारखीच काळी छत्री आणून. आणि फाईलमध्ये जाऊन बसणार. मला पश्चात्ताप झाला असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. जिथं उभं राहायचं नाही म्हणून मी पळून आले होते, तिथं दुसरं कोणी उभं राहिलेलं मला चालणार नव्हतं, बस. दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर पकडली. वर्ध्याला उतरून बस, पवनारला उतरून ऑटो, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत मी नळावर हजर.

ओटा तयार होता. कोरा करकरीत. आणि सुका.

टाकीपलीकडे जुन्या दगडांवर बायका उकिडव्या बसून धूत होत्या. त्यांत धाकटी. उजवा पाय लांब केलेला, डावा दुमडलेला, एका कुशीवर कलून ती चादर आपटत होती. मला पाहिलं तशी दोन्ही हात दगडावर टेकून उठायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. बाजूच्या बाईनं बगलेत हात घालून तिला उभं केलं.

"ओटा झाला ना?" मी विचारलं. "मंग इथं काऊन धुऊन राह्यल्या?"

"आठ दिस झाले सुकून," ती बाजूची बाई म्हणाली. "पर हे तुमची जाऊ कोणाले हात लावू देत नाई. म्हणे बाईचा फोटो होईस्तोवर नाई."

"कोरा दिसाले पाहिजे ना फोटोत," धाकटी म्हणाली. "अन् तुमी येणारच होत्या."

जमिनीवर चुन्यानं एक गोल काढलेला होता. माझी जागा. पहिल्या फोटोवरून मोजून काढलेली. पावलांनी पुसला जाऊ नये म्हणून भोवती चार विटा लावल्या होत्या.

मी गोलात जाऊन उभी राहिले. छत्री उघडली. धाकटीनं फोन केला तशा संस्थेच्या ताई दुपारी आल्या आणि फोटो काढून गेल्या. त्यानंतर धाकटीनं पहिली चादर ओट्यावर टाकली, उभ्यानं, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन कपाट आवरायला घेतलं. आवरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेड चढली. मग एके दिवशी दाखला घ्यायला पिपरी मेघेला बोलावलं. धाकटी म्हणाली, बाई, तुमी चाला, मले इंग्रजी आलं त कळत नाई. इंग्रजी काही नव्हतं. ताईंनी दाखला दिला, जाड कागद, सोनेरी किनार. धाकटीनं तो पदरानं पुसला, कोरा होता तरी. मग ताईंनी फाईल पुढे केली. शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

त्याच पानावर तिन्ही फोटो ओळीनं चिकटवलेले होते. पहिल्यात उघडी जमीन आणि मी. दुसऱ्यात अर्ध्या विटा, रेतीचा ढीग आणि मी. तिसऱ्यात पूर्ण ओटा आणि मी. तीच छत्री. आणि तिन्हींत तेच तोंड. ओठ आवळलेले, भुवई चढलेली, नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला, जिथं धाकटी उभी असणार तिथं. मी इतकी वर्षं आरशात पाहत आले, पण आरशात पाहताना मी हे तोंड कधी करत नसणार. मला ते आजवर दिसलं नव्हतं. गावाला रोज दिसत असणार.

खाली तपासणाऱ्यानं रकाने भरले होते. धाकटी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला लागली.

"जागेत बदल, पूर्ण." बोट खालच्या ओळीवर आलं. "खुणेत बदल, नाही." तिनं मान वर केली. "म्हंजे काय वं बाई?"

"म्हंजे बरोबर हाय सर्व," मी म्हटलं. "तुयं काम पास झालं."

"अन् तुमी?" तिनं सहज विचारलं.

मी सही केली आणि खुर्चीखाली छत्री शोधायला वाकले. छत्री माझ्या हातातच होती.